वणव्यासाठी बचत गटानं घेतलेला पाठीवरचा ब्लोअर: दोन उन्हाळे वापरून झाल्यावर

आमच्या वाडीच्या बचत गटानं पेट्रोलवर चालणारा, पाठीवर घ्यायचा ब्लोअर, म्हणजे हवेचा जोराचा झोत मारून पाला उडवणारं यंत्र, घेतला, त्याला आता दोन उन्हाळे झाले. शेजारच्या वाड्यांतून सारखे फोन येतात. कितीला पडला, बायकांना उचलतो का, खरंच वणवा विझतो का. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. कंपनीचं नाव मुद्दामच घालत नाही, कारण मी लिहितेय ते या मापाच्या कुठल्याही यंत्राला लागू पडेल.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. हे यंत्र वणवा लागल्यावर धावत घेऊन जायचं नाही. वणवा लागायच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळा ठेवलेला पट्टा, साफ करायला ते घ्यायचं. दुकानात आग फुंकून विझवतानाचा व्हिडिओ दाखवतात. तो खोटा नाही, पण त्यावर भुलून यंत्र घेतलं तर पैसे पाण्यात जातील, आणि एखादीचा जीवही धोक्यात येईल.

आम्ही राहतो सातारा जिल्ह्यातल्या जावळीत, मेढ्याच्या वरच्या अंगाला. वाडीला लागून भातखाचरं, त्यावर मालकीचं कुरण, कुरणाच्या वर वनखात्याची हद्द, आणि पार वर सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट पठार. बापये बहुतेक सगळे मुंबईला नाहीतर नवी मुंबईला, माथाडीत किंवा मार्केटात. घरात म्हातारी माणसं, बायका आणि शाळेची पोरं. डोंगर पेटला की विझवायला जाणार कोण, तर आम्हीच. म्हणून यंत्र घेताना पहिला प्रश्न होता की ते बाईच्या पाठीवर बसतं का.

वणव्याशेजारी राहणं म्हणजे काय, हे सातारच्या पेठेत राहणाऱ्या माणसाला लांबून कळत नाही. रात्री लांबून आगीची माळ दिसते, लोक फोटो काढतात. गेल्या मार्चमध्ये आमच्या समोरचा डोंगर आठवडाभर जळत होता. एका घळीत विझायचा, दुसऱ्या दांडावर, म्हणजे डोंगराच्या सोंडेवर, उठायचा. आम्ही अंगणात कुरडया घातल्या होत्या. सकाळी बघावं तर प्रत्येक कुरडईवर काळ्या गवताच्या पात्या पडलेल्या, बोट लावलं की विरघळणाऱ्या. पुसायला गेलं की चीक काळा व्हायचा. सगळं वाळवण गुरांपुढं गेलं. धुराचं तर विचारूच नका. रात्री गार हवा दरीत उतरते, तिच्याबरोबर धूरही खाली बसतो, आणि ऊन चांगलं वर आल्याशिवाय हलत नाही. आमच्या मामंजींना दम्याचा त्रास. पहाटे ते खाटेवर उठून बसायचे आणि दाराच्या फटीत गोधडी कोंबायला सांगायचे. लोक नाकाला ओलं फडकं बांधतात. त्यानं राख अडते, बारीक धूर अडत नाही. त्याला एन-९५ मास्कच लागतो. करोनात घरोघरी आलेले मास्क आम्ही तेव्हा पेट्यांतून शोधून काढले.

आता यंत्राकडं येते. रिकामं यंत्र दहा किलोच्या आसपास भरतं. टाकी दोन लिटरची, ती भरली की आणखी दीड किलो. वजनाची काळजी मात्र कुणी करू नये. तीस किलोचा गवताचा भारा डोक्यावर घेऊन दांड उतरणाऱ्या बाईला हे ओझं काहीच नाही. त्रास दुसऱ्या दोन गोष्टींचा होतो. एक म्हणजे पट्टे. ते पुरुषी मापाचे असतात. पूर्ण आवळले तरी आमच्यातल्या निम्म्या जणींच्या खांद्यावरून घसरायचे. छातीवरून आडवा पट्टा असलेलं यंत्र मिळालं तर तेच घ्या. आमच्याला नव्हता, मग सातारला एका बॅगवाल्याकडून शिवून घेतला. दुसरी गोष्ट चालू करायची दोरी. पेट्रोलचा फुगा सात-आठ वेळा दाबायचा, चोक लावायचा, यंत्र जमिनीवर ठेवून एक पाय बैठकीवर घट्ट रोवायचा आणि दोरी सरळ वर ओढायची. तिरकी ओढली की काठावर घासून झिजते. मनगटाच्या जोरानं काही होत नाही, कंबरेतून उठावं लागतं. हे एकदा अंगवळणी पडलं की आमच्यातली सगळ्यात बारीक सूनही एका झटक्यात चालू करते.

एक धोका कुठल्याच दुकानदारानं आम्हाला सांगितला नव्हता. या यंत्राची हवा ओढायची जाळी मागच्या बाजूला असते, म्हणजे आपल्या पाठीच्या आणि यंत्राच्या मधे. ओढ जोराची असते. पदर, ओढणी, सुटे केस तिकडं गेले की जाळीला चिकटतात. म्हणून आमचा नियम असा की यंत्र घेणारीनं साडीवर नवऱ्याचा किंवा पोराचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, पदर आत खोचायचा, अंबाडा घट्ट बांधून वर रुमाल. शर्ट आणि साडी दोन्ही सुती पाहिजेत. हल्ली घरात नेसतो त्या बहुतेक साड्या सिंथेटिक असतात. ठिणगी पडली की त्या वितळून कातड्याला चिकटतात. मला विचाराल तर यंत्राच्या किमतीइतकीच ही सुती कपड्यांची बाब महत्त्वाची आहे.

डोळ्यांना चष्मा लागतोच. आमच्या डोंगरावर कुसळीचं गवत जास्त, आणि हवेच्या झोतानं कुसळं उलटून तोंडावर येतात. कानात बोळे घालावेत. आवाज इतका असतो की शेजारी उभी असलेली हाक मारते ते ऐकू येत नाही. म्हणून एकीनं यंत्र घ्यायचं आणि दुसरीनं तिच्या नजरेच्या टप्प्यात चालायचं, हातात एक काठी. काठी आडवी धरली की थांबायचं. एवढीच खूण आम्ही ठरवली आहे.

काम कसं होतं ते सांगते. उभं गवत ब्लोअरनं हलत नाही, हे आधी लक्षात घ्या. दिवाळीनंतर गवतकापणी होते तेव्हाच आम्ही हद्दीलगतचा दहा-बारा फुटांचा पट्टा विळ्यानं बुडापासून कापून घेतो. मग त्यावर पडलेला पाला, पाचोळा, काटक्या यंत्रानं उडवायच्या. सकाळचं दव असेपर्यंत पानं जमिनीला चिकटून राहतात, त्यामुळं ऊन लागल्यावर सुरुवात करायची आणि दुपारचा वारा सुटायच्या आत थांबायचं. उडवलेला पाला डोंगराच्या उताराकडं, पातळ पसरून टाकायचा. वरच्या बाजूला टाकला तर दोन दिवसांत घसरून परत रेषेवर येतो. आणि एका जागी ढीग तर करायचाच नाही. ढीग पेटला की ज्वाळा उंच जाते आणि रेषा असून नसल्यासारखी होते. खराट्यानं आम्ही सगळ्याजणी मिळून दिवसभर जेवढी रेषा झाडायचो, तेवढी यंत्रावर एक बाई न्याहारीपासून जेवणापर्यंत झाडते. इथं यंत्राचे पैसे वसूल होतात.

पण खरी गंमत पुढं आहे, आणि तिच्यासाठीच मी यंत्राच्या बाजूनं बोलते. जानेवारीत झाडलेली रेषा मार्चला राहत नाही. ऐन, किंजळ, नाणा ही झाडं उन्हाळाभर पानं टाकत राहतात. कुंभ्याची पानं लाल होऊन गळतात. यंत्र येण्याआधीच्या वर्षीही आम्ही रेषा काढली होती, चांगली रुंद. मार्चमध्ये आग उतरली ती मोकळ्या कुरणावरच्या रेषेला येऊन थांबली, पण घळीतल्या ऐनाखाली घोट्याएवढा पाचोळा साठला होता, त्यावरून आरामात अलीकडं आली आणि दोन घरांच्या वैरणीच्या गंजी गेल्या. खराट्यानं परत परत झाडायला कुणाला वेळ होणार? गुरं आहेत, पाणी आहे, लग्नसराई आहे. यंत्र असलं की दर पंधरवड्याला नुसती झाडांखालची रेषा मारून यायची, तासाभराचं काम. गेल्या मार्चचा तो मोठा वणवा आमच्या बाजूला वळला तेव्हा त्याच घळीत येऊन रेषेवर बसला. पलीकडं काळं, अलीकडं पिवळं गवत, आणि मधे लाल मातीचा पट्टा. आम्ही रात्रभर रेषेवर उभ्या होतो. एखादं जळतं खोड किंवा शेणाचा पो घरंगळत खाली आला तर तेवढा माती टाकून विझवायचा, एवढंच काम उरलं होतं.

ज्वाळांवर यंत्र वापरायचं का? मी म्हणते, फार थोड्या वेळा. गवत आखूड असेल, ज्वाळा गुडघ्याच्या खाली असेल, वारा पडलेला असेल, तर आगीच्या कडेनं चालत हवेचं तोंड ज्वाळेच्या बुडाशी, जळालेल्या बाजूकडं करून मारलं की आग काळ्या जमिनीवर ढकलली जाते आणि खायला काही नसल्यानं मरते. ज्वाळा त्यापेक्षा उंच असेल तर हाच झोत भात्यासारखं काम करतो आणि ठिणग्या लांब उडवतो. पाठीवर पेट्रोलची टाकी असते हेही विसरू नये. आमच्याकडं भेटायला आलेल्या एका वनरक्षक दादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काकी, आग खाली आणि तुम्ही वर, असं कधीच उभं राहायचं नाही." आग चढाला पळते. चढ दर दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. आपल्या डोंगराचे उतार बघा आणि विचार करा. प्रत्यक्ष आगीवर आमचा भरवसा झोडपण्यांवरच आहे. मेढ्याच्या वेल्डिंगवाल्याकडून पाईपला ट्रकच्या मडगार्डचं जुनं रबर ठोकून सहा झोडपणी करून घेतली. यंत्राच्या मानानं खर्च नगण्य. रबर नसेल तर ओल्या पानांची जांभळीची फांदी चालते, फक्त ती उचलून आपटायची नाही. आपटली की ठिणग्या उडतात. दाबून ओढायची.

पेट्रोलचं लिहिते, कारण यंत्रं इथंच बिघडतात. टू-स्ट्रोक इंजिन आहे, नुसतं पेट्रोल घातलं की जाम झालंच समजा. आमच्या पुस्तिकेत साध्या टू-स्ट्रोक ऑइलचं प्रमाण पंचवीसास एक आहे, म्हणजे लिटरला 40 मिली. चांगलं ऑइल असेल तर पन्नासास एक, लिटरला 20 मिली. तुमच्या यंत्राचं पुस्तक काय म्हणतं ते बघा. आम्ही लिटरच्या बाटलीवर नेलपॉलिशनं रेघ मारून ठेवली आहे, त्यामुळं जी कुणी मिसळेल तिचं प्रमाण चुकत नाही. मिसळलेलं पेट्रोल महिन्याच्या वर ठेवू नका. हल्ली पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि जावळीच्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. मे संपला की टाकी पूर्ण रिकामी करायची आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही राहत नाही. हवेचा फिल्टर दर वापराला काढून झटकायचा. कुसळाच्या धुळीनं तो फार लवकर तुंबतो.

आणि हे यंत्र स्वतःच वणवा लावू शकतं. सायलेन्सर चांगला तापतो. गरम यंत्र वाळक्या गवतावर टेकवायचं नाही, गरम असताना टाकी भरायची नाही, भरायची ती मोकळ्या मातीवर, आणि जिथं भरली तिथून काही पावलं सरकून मग चालू करायचं. बरोबर पाण्याचा कॅन आणि ओलं गोणपाट कायम.

यंत्र आणलं तेव्हा आमच्या शेजारच्या थोरल्या काकी म्हणाल्या होत्या, "आगं, डोंगूर जाळल्याबिगर गवात येतंय व्हय?" हा समज आमच्याकडं घराघरात आहे, आणि तो काढल्याशिवाय दहा ब्लोअर आणले तरी उपयोग नाही. मी काकींना आमच्याच कुरणात नेऊन दाखवलं. जाळलेल्या भागात पहिल्या पावसाला हिरवं आधी दिसतं हे खरं, कारण जुनं पिवळं गवत झाकायला उरलेलं नसतं. पण ते गवत कुसळीचं असतं. कुसळीचं बी ओलाव्यानं पीळ घेत स्वतःला मातीत रुतवून घेतं, म्हणून ते आगीतून वाचतं. गुरं आवडीनं खातात तो मारवेल आणि पवना मागं पडतो. कुसळ दाणा धरायला लागल्यावर जनावराच्या तोंडाला टोचते, हे काकींना मी सांगायची गरज नव्हती. उघड्या उतारावरची माती वळवाच्या पहिल्या सरीत ओढ्याला लाल होऊन जाते तेही त्या जन्मभर बघत आल्या आहेत. टिटवीची, लाव्ह्याची घरटी जमिनीवर असतात, सरडे-कासवं पळू शकत नाहीत. काकी काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या मालकीच्या पट्ट्यात त्यानंतर काडी लागली नाही.

आमच्या भागातल्या आगीचं दुसरं मोठं कारण म्हणजे तरवा भाजणं. भाताच्या रोपाची जागा पाला-शेणी पसरून भाजायची पद्धत जुनी आहे, ती एका दिवसात सुटणार नाही. उन्हाळ्यात दुपारी कुणी एकटंच भाजायला बसतं, वारा फिरतो, आणि बांधावरून आग कुरणात जाते. म्हणून आम्ही यंत्र भाड्यानं न देता फुकट देतो, पण तरव्यासाठी. ज्याला भाजायचं त्यानं आदल्या दिवशी सांगायचं. गटातल्या दोघी यंत्र घेऊन जातात, तरव्याभोवती चारी बाजूंनी झाडून मोकळं करतात, आणि वारा नसताना सकाळी लवकर, माणसं उभी करून भाजतात. माझ्या मते या यंत्राचा सगळ्यात चांगला उपयोग हाच आहे. मोठ्या जाळरेषेपेक्षाही.

उपग्रहाच्या सूचनांबद्दलही विचारतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की आपल्या भागातल्या आगीचा मेसेज फुकट येतो. नासाचा फर्म्स नावाचा आगींचा नकाशाही कुणालाही बघता येतो. माझा मुलगा कोपरखैरण्याहून तो बघतो आणि फोन करतो. उपग्रहावरच्या व्हिर्स नावाच्या उपकरणाचा नकाशावरचा एक ठिपका 375 मीटरचा असतो, मोडिस नावाच्या दुसऱ्या उपकरणाचा एक किलोमीटरचा, म्हणजे नेमकी घळ कळत नाही, दांड कळतो. शिवाय व्हिर्सचे उपग्रह दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या सुमारास वरून जातात. संध्याकाळी लागलेली आग त्यांना मध्यरात्रीनंतरच दिसते. डोंगराच्या पाठीमागून येणारी आग कळायला याचा उपयोग होतो, समोरची आपल्या डोळ्यांनाच आधी दिसते. आग दिसली की वनखात्याच्या 1926 वर फोन लावा, तो टोल-फ्री आहे. आमच्यात हा आकडा प्रत्येक घराच्या चुलीमागच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला आहे.

पैशाचं म्हणाल तर यंत्र, चष्मे, मास्क, झोडपणी, ऑइल सगळं धरून वीस हजारांच्या आत बसलं. निम्मे गटाच्या बचतीतून, निम्मे मुंबईच्या गावकी मंडळानं दिले. यापेक्षा स्वस्तात हातात धरायचे छोटे ब्लोअर मिळतात, बॅटरीवरचेही मिळतात. ते अंगण झाडायला ठीक आहेत. डोंगरावर पंधरा मिनिटांत बॅटरी संपली की परत वाडीत यावं लागतं. आमच्यापेक्षा दुप्पट किमतीचीही यंत्रं आहेत, कंप कमी, पट्टे मऊ. पैसे असतील तर जरूर घ्या, पण आमच्याच्यानं काम अडलं नाही. दोन उन्हाळ्यांत एक दोरी तुटली, एक प्लग बदलला. घेताना दुकानदाराकडून जादा दोरी आणि प्लग पदरात पाडून घ्या, आणि यंत्र गटातल्या बाईच्या हातून दुकानातच चालू करून बघा. दुकानदारानं स्वतः चालू करून दाखवलेलं धरू नका.

तुमची वाडी सड्यावर असेल, झाडं नाहीत, नुसतं गवत, तर ब्लोअर आधी घेऊ नका. तुम्हाला उभं गवत कापणारा ब्रश कटर हवा. झाडीच्या कडेला, घळीच्या तोंडाशी असाल तर मात्र हेच घ्या, आणि डिसेंबरच्या आत घ्या. ठरवण्याआधी पाठीवर घेऊन बघायचं असेल तर गवतकापणी उरकली की आमच्याकडं या. पेट्रोल तुमचं आणा, शिकवायला आम्ही आहोत.